पाना-पक्कड : आधी गाडी धुऊ नका

मागच्या अंकात अगदी शेवटी दोन ओळी लिहिल्या होत्या : वेल्समध्ये वाळूत ४२ वर्षं पुरलेली एक शर्यतीची गाडी उकरून पुन्हा चालती केली, तिची गोष्ट कधीतरी सांगेन. त्या दोन ओळींवर जेवढी पत्रं आली, तेवढी ब्रेक लायनरवरच्या चार पानांवर आली नव्हती. लोकांना लायनर नको, भुतं हवीत. असो. त्यातली चार पत्रं इथे घेतोय. पहिलं मोठं आहे आणि माझं उत्तर त्याहून मोठं.

प्रश्न : आमचे नाना, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, सत्तरच्या दशकात फियाट घेऊन मद्रासकडे शर्यतींना जायचे. शोलावरमच्या धावपट्टीवर एकदा वळणावर गाडीचं पुढचं डावं चाक निघालं, गाडी उलटली आणि कडेला उभ्या असलेल्या झेंडेवाल्याचा पाय गेला. नानांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. ट्रकमधून गाडी मिरजेला आली, ती मळ्यात गोठ्याशेजारच्या खोलीत जाऊन बसली. अजून तिथेच आहे. घरात तिला ‘पनवती’ म्हणतात. नाना नको इतक्या वेगात होते, आदल्या रात्री पार्टी झाली होती, चाकाचा नट आवळायला विसरले, असं जो तो आपापल्या परीने सांगायचा. नाना कधी काही बोलले नाहीत. मागच्या वर्षी ते गेले. त्यांच्या ट्रंकेत डालडाचा एक डबा सापडला. त्यात ग्रीस माखलेल्या फडक्यात एक तुटका लोखंडी दांडा होता आणि खाली मद्रासला केलेल्या मनिऑर्डरच्या पावत्या, १९ वर्षांच्या. मला ती गाडी नीट करायची आहे. भाऊ म्हणतो, भंगारात घाल. डेंटर म्हणतो, सँडब्लास्टिंग करून, म्हणजे वाळूचा मारा करून जुना रंग उडवून, नवा रंग मारून देतो, दोन महिन्यांत शोरूमसारखी. काय करू?
– एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, आधी डेंटरला थांबवा. आणि गाडी धुऊसुद्धा नका, निदान महिनाभर.

तुमचं पत्र वाचून मी फोन केला आणि तो डबा मागवून घेतला, हे बाकीच्या वाचकांसाठी सांगतो. तुमचा भाचा रविवारी उद्यमनगरात माझ्या दुकानात घेऊन आला. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, फडकं सोडलं. ग्रीस सुकून मेणासारखं झालं होतं, रॉकेलमध्ये दोन तास ठेवल्यावर सुटलं. आतला दांडा म्हणजे स्टब ॲक्सल. पुढचं चाक ज्या खुंटीवर फिरतं ती खुंटी, तिचा बाहेरचा अर्धा भाग. टोकाला खाचांचा नट अजून बसलेला आणि खाचेतून गेलेली स्प्लिट पिन दोन्ही बाजूंनी नीट वाकवलेली.

घरातली एक गोष्ट इथेच निकालात निघाली. नट आवळायला विसरलेल्या माणसाच्या गाडीचं चाक निघतं तेव्हा नट हरवतो आणि खुंटी जागेवर राहते. इथे उलटं आहे. नट, पिन, वायसर सगळं जागच्या जागी आणि खुंटीच तुटलेली.

मग भिंग घेतलं. लोखंड एका दणक्यात तुटलं तर तुटलेलं तोंड सगळीकडे सारखं दिसतं, गुळाची ढेप फोडल्यावर दिसतं तसं रवाळ. या तुकड्याचं तसं नव्हतं. एका कडेपासून जवळजवळ दोन तृतीयांश भाग गुळगुळीत आणि तपकिरी, आणि त्यावर शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा एकात एक कमानी. उरलेला भाग रवाळ. म्हणजे चीर आधीपासून होती. प्रत्येक वळणावर, प्रत्येक खड्ड्यात ती केसभर पुढे सरकत होती आणि तिची दोन्ही तोंडं एकमेकांवर घासून गुळगुळीत होत होती. शेवटी जेवढं लोखंड शिल्लक उरलं त्याला ते वळण झेपलं नाही. आमच्याकडे म्हणतात, लोखंड थकलं. आदल्या रात्रीच्या पार्टीने लोखंड थकत नाही.

चीर सुरू कुठून झाली तेही बघता आलं. तुमच्या भाच्याने गाडीवर राहिलेल्या अर्ध्या भागाचे फोटो मोबाइलवर दाखवले. खुंटी जिथे जाड भागाला मिळते तिथे कोपऱ्यात गोलाई असावी लागते, ताटाच्या कडेला असते तशी. कंपनीतून येताना ती असते. तुमच्या गाडीवर तो कोपरा काटकोनात कापलेला आहे आणि लेथच्या हत्याराच्या रेघा फोटोतसुद्धा दिसतात. शर्यतीसाठी काहीतरी वेगळं बसवायचं असणार, रुंद चाकासाठी स्पेसर, म्हणजे चाक बाहेर सरकवणारी चकती, किंवा दुसऱ्या मापाचं बेअरिंग, आणि ते खांद्याला टेकत नाही म्हणून कुणीतरी कोपरा मारला. काम अगदी सफाईदार केलंय. तीच पंचाईत.

कुणी मारला ते विचारू नका. मला माहीत नाही आणि शिवी द्यायचा अधिकार तर मला अजिबात नाही. विशीत असताना मी एका गुऱ्हाळाच्या चरकाचा शाफ्ट असाच केला होता. बेअरिंग दोन सूत अलीकडे अडकत होतं, मी कोपरा साफ करून टाकला, बेअरिंग टिच्चून बसलं, मालक खूश. अकराव्या दिवशी शाफ्टचे दोन तुकडे बैलगाडीतून परत आले. वस्ताद ओरडले नाहीत. तुकडा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, डोळे मिटून नख फिरव. नख जिथे अडकलं तिथूनच चीर निघाली होती. चरक होता म्हणून निभावलं. त्या जागी गाडीचं चाक असतं तर एखादा डबा माझ्याही ट्रंकेत असता.

नानांना हे कळलं होतं का, असं तुम्ही फोनवर विचारलंत. तुटलेलं तोंड ग्रीस लावून, गुंडाळून, हवा लागू न देता ठेवणारा माणूस त्या तोंडावर काय लिहिलंय ते वाचू शकत होता. मग बोलले का नाहीत? ते मला कसं कळणार, मी टर्नर आहे. एवढंच सांगतो, की कोपरा दुसऱ्याने मारला असला तरी गाडी आपण चालवत होतो असं मानणारी माणसं असतात. पावत्या मी मोजल्या नाहीत.

आता ती वाळूतली गाडी, कारण तिचा तुमच्या डब्याशी थेट संबंध आहे.

गाडीचं नाव ‘बॅब्ज’. काउंट लुई झ्बोरोव्स्की नावाच्या इंग्लंडमधल्या एका श्रीमंत हौशी माणसाने कँटरबरीजवळच्या आपल्या हायम पार्क इस्टेटीत ती बनवून घेतली. इंजिन लिबर्टी, पहिल्या महायुद्धातलं अमेरिकन विमानाचं, १२ सिलिंडरचं, २७ लिटरचं. तुमच्या फियाटचं इंजिन १०८९ सीसीचं, म्हणजे जवळजवळ २५ फियाट एका बॉनेटखाली. मागच्या चाकांना ताकद जायची ती चेनने. झ्बोरोव्स्की १९२४ साली मोंझाला इटालियन ग्रां प्रीमध्ये दुसऱ्याच गाडीत, मर्सिडीजमध्ये, मेला. मग जे. जी. पॅरी-थॉमस या वेल्श इंजिनिअरने ही गाडी १२५ पौंडांना उचलली. थॉमस पूर्वी लेलँड मोटर्सचा चीफ इंजिनिअर. त्याने तिला आपल्या पद्धतीचे पिस्टन घातले, कार्ब्युरेटर बदलले, आणि एप्रिल १९२६ मध्ये दक्षिण वेल्सच्या पेंडाइन किनाऱ्यावर, सात मैलांच्या सपाट वाळूत, ताशी १७१.०२ मैलांचा, म्हणजे साधारण २७५ किलोमीटरचा, जमिनीवरच्या वेगाचा विक्रम केला. पुढच्या फेब्रुवारीत माल्कम कॅम्पबेलने त्याच वाळूवर १७४.८८ मैल गाठले. थॉमस आजारी असतानाच परत आला. ३ मार्च १९२७. गाडी उलटली आणि तो जागीच गेला.

त्याला पुरलं इंग्लंडमध्ये बायफ्लीटला, ब्रुकलँड्सच्या ट्रॅकजवळ. गाडीला पुरलं पेंडाइनच्या वाळूत. आणि गोष्ट कायम झाली : चेन तुटली, उडाली आणि ड्रायव्हरच्या मानेवर बसली. गोष्ट एवढी भयंकर आणि एवढी नीटस होती की तिच्यावर शंका घ्यायची कुणाला गरजच वाटली नाही.

१९६९ साली बँगरच्या टेक्निकल कॉलेजात इंजिनिअरिंग शिकवणाऱ्या ओवेन विन ओवेन यांनी परवानगी मिळवून ती बाहेर काढली. तोवर तो किनारा लष्कराच्या गोळीबाराच्या सरावाचा झाला होता, त्यामुळे परवानगी मिळवणं हीच मोठी कसरत. ॲल्युमिनियमचा पत्रा खाऱ्या वाळूने खाल्लेला, लोखंड गंजलेलं. नीट करायला पुढची पंधराएक वर्षं गेली. पण सांगायचं ते वेगळंच. गाडी हातात आल्यावर चेनच्या गोष्टीला तडे गेले. मागचं उजवं चाक आधी निकामी झालं आणि बाकीचं त्यानंतरचं, असं आता बरेच जाणकार मानतात. वाद मिटलेला नाही. पण वाद घालायला लोखंड तरी हातात आलं. त्यांनी आधी सगळं घासूनपुसून चकचकीत केलं असतं तर काय उरलं असतं?

तुमच्या डेंटरचं सँडब्लास्टिंग हे असं आहे. शिवाय बारीक पत्र्यावर जोरात वाळू मारली तर पत्र्याला लाटा येतात, ते आणि वेगळं.

तेव्हा क्रम असा ठेवा. खोलीचं दार उघडून आहे त्या अवस्थेत फोटो काढा, उंदराच्या घरट्यासकट. आसनाखालचं, डिकीतलं जे मिळेल ते पिशव्यांत भरून वर चिठ्ठी लावा. उलटलेल्या गाडीच्या छतावर, खांबांवर ज्या दिशेने ओरखडे आहेत त्यांचे जवळून फोटो घ्या, बाजूला पट्टी ठेवून. मग गाडी पक्क्या फरशीवर आणून चार घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, चढवा आणि ओळंबा घ्या, गवंड्याचा असतो तोच. फियाटला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नसते, पत्र्याची बॉडीच सगळं पेलते, म्हणून ती कुठे पिळवटली आहे ते डोळ्यांना दिसत नाही. सस्पेन्शन जिथे जिथे बॉडीला बोल्टने बसतं त्या प्रत्येक ठिकाणाहून ओळंबा सोडायचा, खाली फरशीवर खडूने फुली मारायची. सगळ्या फुल्या झाल्या की गाडी बाजूला ढकला आणि फुल्यांमध्ये कर्ण मोजा. डावा पुढचा ते उजवा मागचा, उजवा पुढचा ते डावा मागचा. दोन्ही सारखे आले तर देवाला नारळ फोडा. चार-पाच मिलीमीटरचा फरक जुन्या गाडीत चालतो. बोटभर फरक आला तर बॉडी ओढून सरळ करावी लागेल, आणि ते काम पुट्टीवाल्याचं नाही.

मग क्रॅक टेस्ट, म्हणजे चीर शोधणं. शहरात डाय पेनेट्रंटचे, म्हणजे चिरेत शिरणाऱ्या रंगाचे, स्प्रे मिळतात, ते उत्तम. नसतील तर आमची गावठी तऱ्हा : भाग स्वच्छ करा, रात्रभर रॉकेलमध्ये बुडवा, कोरडा पुसा आणि वर खडूची पूड पाण्यात कालवून फासा. पूड वाळली की चिरेतलं रॉकेल बाहेर झिरपतं आणि पांढऱ्यावर काळसर रेघ उमटते. उजवीकडचा स्टब ॲक्सल अजून शाबूत दिसतोय. तो काढून माझ्याकडे आणा. तोही त्याच लेथवर, त्याच हाताने कापला असणार आणि माझी पैज आहे की रेघ उमटेल.

दोन्ही स्टब ॲक्सल, किंगपिन (पुढचं चाक ज्यावर डावी-उजवीकडे वळतं ती पिन), स्टिअरिंगचे सगळे जोड नवे घाला. यात भावना आणायची नाही. जुने भाग फळीवर लावून भिंतीला टांगा. छत मात्र सरळ करावं लागेल, खांब चेपलेले ठेवून कुणाला गाडीत बसवायचं नाही. डाव्या मडगार्डाचा चुरगळलेला पत्रा फेकू नका. नवा बसवा, जुना त्याच फळीशेजारी.

कागदांचं. २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, नव्या नोंदणीला २० हजार रुपये, पुन्हा नोंदणीला ५ हजार. रोजच्या वापराला नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती यांपुरती रस्त्यावर. पण चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल नसावा अशी अट आहे. शर्यतीसाठी त्या काळी केलेले बदल या अटीत बसतात का, ते नवा खर्च करण्याआधी आरटीओत समोर बसून विचारा. एजंटाला विचारू नका.

आणि भावाला सांगा, पनवती गाडी नव्हती, पनवती एक कोपरा होता. पाव इंचाचा.

प्रश्न : मला एक जुनी शर्यतीची गाडी विकत मिळते आहे. विकणारा म्हणतो ‘ओरिजिनल’, पण इंजिन दुसरं, दरवाजे दुसरे, गिअरबॉक्सही बदललेला. मग ती ओरिजिनल कशी? आणि तुमच्या त्या वाळूतल्या गाडीत तरी जुनं काय उरलं असेल?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : या प्रश्नावर इंग्लंडच्या हायकोर्टात खटला झालाय. बेंटलीची ‘ओल्ड नंबर वन’ नावाची स्पीड सिक्स गाडी, १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं फ्रान्समधल्या ल मांची २४ तासांची शर्यत जिंकलेली. १९३२ मध्ये ब्रुकलँड्सला, तोपर्यंत आठ लिटरचं इंजिन घातलेलं असताना, क्लाइव्ह डनफी ती चालवत होता. तिरक्या ट्रॅकच्या वरच्या कडेवरून गाडी पलीकडे गेली आणि तो गेला. पुढे तिला कूपेची, म्हणजे बंद छपराची, बॉडी चढली. शर्यतीची गाडी म्हणजे दर हंगामात काहीतरी मोडणार, काहीतरी बदलणार. अपघातानंतर तर विचारायलाच नको. १९९० साली ती एक कोटी पौंडांना विकायचा करार झाला आणि घेणाऱ्याने हात आखडता घेतला : ही ती गाडीच नाही, १९२९चं यात काय उरलंय? न्यायाधीश ऑटन यांनी निकाल विकणाऱ्याच्या बाजूने दिला. लोखंड बदलत गेलं, पण गाडीचा इतिहास कुठे तुटला नाही. ती एका मालकाकडून दुसऱ्याकडे त्याच नावाने गेली आणि ‘खरी ती मीच’ म्हणणारी दुसरी गाडीही कुठे नव्हती.

मला हा निकाल पटतो. आमच्या वस्तादांच्या हातोडीचा दांडा चार वेळा आणि डोकं एकदा बदललंय, तरी ती वस्तादांचीच हातोडी.

पण तुमच्या विकणाऱ्याला तो लागू पडत नाही! कोर्टाने ‘काहीही चालतं’ असं म्हटलेलं नाही. साखळी दाखवा, असं म्हटलंय. तेव्हा त्याच्याकडे आरसी बुक मागा, जुन्या मालकांची नावं मागा, शर्यतीच्या वेळचे फोटो मागा आणि फोटोतल्या एखाद्या खुणेशी गाडी ताडून बघा. डॅशबोर्डला पाडलेली जादा भोकं, बॉनेटचा पट्टा, पायाजवळच्या पत्र्याची वेल्डिंग. रंग बघू नका, रंग कुणीही देतो. अपघाताबद्दल विचारलं की जो माणूस लगेच ‘छे छे’ म्हणतो त्याच्याकडून शर्यतीची गाडी घेऊ नये. कधीच न ठोकलेली शर्यतीची गाडी म्हणजे कधीच न धावलेली.

बॅब्जचं म्हणाल तर पत्रा बहुतेक नवा. ती आज वर्षाचा काही काळ पेंडाइनच्या संग्रहालयात आणि काही काळ ब्रुकलँड्सला असते. इंजिन चालू होतं.

प्रश्न : ज्या गाड्यांनी माणसं मारली त्यांच्यावर लाखो रुपये उधळून त्या पुन्हा उभ्या करायच्या, लिलाव करायचे, लोकांनी टाळ्या वाजवायच्या. याला तुम्ही कौतुक म्हणता? माझ्या मते अशा गाड्या वितळवाव्यात.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : रागावलात ते योग्यच. सगळ्यात वाईट उदाहरण मीच देतो. ११ जून १९५५, ल मां. माइक हॉथॉर्नची जॅग्वार पिटमध्ये, म्हणजे ट्रॅककडेच्या दुरुस्तीच्या थांब्यात, जाण्यासाठी अचानक मंदावली, मागची ऑस्टिन-हीली तिला चुकवायला डावीकडे आली, आणि तिच्या पाठीवर चढून पिएर लेव्हेगची मर्सिडीज कडेच्या बांधावर आदळली आणि तिचे तुकडे प्रेक्षकांत घुसले. ८० हून अधिक माणसं गेली, लेव्हेग धरून. शर्यत थांबवली नाही. मर्सिडीजने रात्री आपल्या उरलेल्या गाड्या काढून घेतल्या आणि हॉथॉर्न जिंकला. स्वित्झर्लंडने त्यानंतर ट्रॅकवरच्या शर्यतींवर बंदी घातली, ती कित्येक दशकं टिकली.

ती ऑस्टिन-हीली, नंबर एनओजे ३९३, २०११च्या डिसेंबरात लिलावात आली. धूळ खाल्लेली, न दुरुस्त केलेली. गेली ८ लाख ४३ हजार पौंडांना. तो आकडा वाचून मलाही कसंतरीच झालं, खोटं बोलत नाही. त्यातले किती पैसे गाडीचे आणि किती त्या संध्याकाळचे?

तरी वितळवू नये असंच माझं मत आहे. त्या दिवशी दोष कुणाचा यावर माणसं ७० वर्षं भांडताहेत, जॅग्वारचा, हीलीचा, पिटसमोरच्या अरुंद रस्त्याचा. वितळवलेल्या गाडीला प्रश्न विचारता येत नाहीत. टाळ्यांचं मात्र मी तुमच्याशी सहमत आहे. अशी गाडी समोर आली की टोपी काढावी आणि टायर बघावेत.

प्रश्न : भंगार बाजारात शर्यतीच्या गाडीचं जुनं चाक मिळालं. ॲल्युमिनियमचंच असावं, पण फारच हलकं आहे. ग्राइंडर मारून पॉलिश करू का?
– बारावीतला वाचक, इचलकरंजी

उत्तर : ग्राइंडर खाली ठेव बाळा. जुनी शर्यतीची चाकं बऱ्याचदा मॅग्नेशियमची असतात. आतल्या बाजूला कानशीने जरासं खरवड आणि त्यावर व्हिनेगरचा थेंब टाक. बुडबुडे फसफसून आले तर मॅग्नेशियम समज. ॲल्युमिनियम तेवढ्यात काही करत नाही. मॅग्नेशियमचा बारीक कीस ठिणगीने पेटतो आणि पेटल्यावर पाणी मारलं तर आणखी भडकतो. वर सांगितलेल्या मर्सिडीजची बॉडी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची होती आणि आग विझवायला गेलेल्यांना हेच भोवलं. तुझं चाक त्यातलं निघालं तर हाताने, ओल्या पेपरने घास, कीस पुसून घराबाहेर टाक आणि त्या चाकावर टायर चढवू नकोस. जुनं मॅग्नेशियम आतून कधी पोकळ झालंय ते वरून समजत नाही. बैठकीच्या खोलीत टांग, छान दिसेल.

अंक छापायला जाण्याआधी मिरजेच्या ताईंचा पुन्हा फोन आला. फोटो काढून झालेत, पिशव्या भरल्यात, उंदराच्या घरट्यात १९७३ सालच्या दैनंदिनीचं अर्धं पान निघालं. गाडीला कुणीतरी ब्रशने राखाडी ऑइलपेंट फासलाय, अपघातानंतरच असणार, कारण तो चेपलेल्या जागेतही गेलाय. नवा रंग कुठला द्यावा, असं त्यांनी विचारलं.

ताई, आत्ताच ठरवू नका. दरवाजाच्या मधोमध तळहाताएवढ्या जागी हजार नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून गोल गोल फिरवा. दाबू नका, पेपरला त्याच्या वजनाने काम करू द्या. आधी राखाडी जाईल. मग पांढरं लागेल, तो नंबराचा गोल. त्यात काळं दिसायला लागलं की पेपर ठेवून द्या आणि ओल्या फडक्याने पुसा. तो नानांचा आकडा असेल. तिथून पुढे पेपर नाही, नुसतं रबिंग कंपाउंड आणि बोट, आणि घरातल्या ज्याला सगळ्यात जास्त वेळ आहे त्याच्याकडून. भावाला वेळ असेल तर त्यालाच बसवा.

आणि तो उजवा स्टब ॲक्सल आणायला विसरू नका. सोमवारी दुकान बंद असतं.